साडेतीन किलो इतिहास

यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर भांडण नको. तीस-पस्तीस वर्षं मी ही गोष्ट सांगतोय आणि एकाही शहाण्या माणसानं ती खरी मानलेली नाही. काही वेड्यांनी मानली, पण ते वेडे माझेच नातेवाईक, त्यांचं काय धरायचं? तर ऐका. माझ्या मुलीचं शिक्षण मी काट्यावर तोलून घेतलेलं आहे. किलो आणि ग्रॅममध्ये. कोणत्या विषयाचं किती भरतं ते मला आजही तोंडपाठ आहे.

आमचं दुकान वजनकाट्यांचं. विक्री कमी, दुरुस्ती जास्त. दारातून आत आलात की डाव्या भिंतीवर तराजूच्या दांड्या टांगलेल्या. त्यांच्याखाली फळीवर पन्नास ग्रॅमपासून वीस किलोपर्यंतची वजनं, घरातली माणसं फोटोला बसावीत तशी, लहान पुढे मोठी मागे. उजवीकडे माझं टेबल, त्यावर रॉकेलची वाटी, ब्रश, कानस, शिशाचे तुकडे. आणि दुकानाच्या मधोमध मोठा काटा. सगळा लोखंडी. खाली जमिनीपासून वीतभर उंच चौकोनी फळी, तिच्या एका अंगाला छातीएवढा खांब, खांबावर आडवी दांडी आणि दांडीवर पुढेमागे सरकणारं वजन. फळीवर पोतं ठेवा, पिंप ठेवा, नाहीतर सासरा उभा करा, काटा खरं तेच सांगणार.

काट्याला अगदी खेटून गल्ल्याची खुर्ची आणि खुर्चीत माझे थोरले भाऊ. त्यांना सगळा रस्ता दादा म्हणतो. दुरुस्ती माझ्याकडे आणि पैसा त्यांच्याकडे, ही वाटणी वडील करून गेले आणि आम्ही ती मोडली नाही. आता त्यांनी चौऱ्याऐंशी पार केलीत. ऐकू कमी येतं, किंवा कमी येतं असं ते सांगतात. दुपारी जेवून आले की गुडघ्यांमध्ये छत्री उभी धरायची, तिच्या मुठीवर हनुवटी टेकायची आणि डोळे मिटायचे. ही छत्री त्यांच्याजवळ कायमची. काळी, जाड दांड्याची, टोकाला लोखंडी टोपण. ती उघडलेली मी उभ्या जन्मात चारदा पाहिली असेल. ती त्यांना टेकायला लागते.

दादा झोपल्याशिवाय मी ही गोष्ट सांगत नाही. कारण गोष्टीत तेही आहेत.

परवा दुपारी फळवाला आला. कोपऱ्यावर गाडा लावतो तो. विजेचा काटा काखेत मारून आला आणि टेबलावर आदळून म्हणाला, "काका, बघा हो याला. सफरचंद ठेवलं तरी शून्य, काढलं तरी शून्य. माझ्या नशिबासारखा झालाय."

"नशिबाचं काम आम्ही घेत नाही," मी म्हणालो. "काट्याचं घेतो. बस."

एरवी हा माणूस बसला की दुकानात दुसऱ्या कुणाला बोलायला जागा राहत नाही. त्या दिवशी मात्र गप्प. मी मागचे स्क्रू काढले. शेवटी मीच विचारलं तेव्हा भडाभडा बोलला. मुलगी शाळेतून चांगल्या मार्कांनी पास झालेली. कॉलेजचा फॉर्म आणलेला. भरायला दोन दिवस उरलेले. हा तयार, याची बायको तयार, पण घरातली कपाटाची किल्ली याच्या आईच्या कमरेला.

"आई म्हणते, तेवढ्या पैशांत दुसरा गाडा येतो. गाडा दारात उभा केला की दिसतो. पहिल्या दिवसापासून कमावतो. पोरीला चार वर्षं शिकवून दिसणार काय? पैसा कुठं गेला ते दाखव, म्हणते."

"बरोबर बोलते."

"काका, तुम्ही पण?"

"अरे, बरोबर बोलते म्हणजे, अगदी हाच प्रश्न या दुकानात विचारला गेलाय. याच काट्यापुढे." मी मागं वळून पाहिलं. दादांची मान छत्रीवर होती, श्वास संथ होता. मी खुर्ची पुढे ओढली. "आणि त्याचं उत्तर मी डोळ्यांनी बघितलंय. ग्रॅममध्ये."

माझ्या मुलीला आम्ही छटाक म्हणतो. जन्मली तेव्हा एवढीशी होती; दुकानाच्या छोट्या तराजूत, वाण्याच्या पारड्यात मावली. नाव तेच पडलं. आज ती मोठी साहेबीण आहे, सह्या पूर्ण नावानं करते, पण या रस्त्यावरून गेली की दहा दुकानांतून हाक येते, "ए छटाक!"

ती बारा वर्षांची होती तेव्हा जवळची शाळा संपली. पुढची शाळा दूर, फी मोठी, पुस्तकं वेगळी, गणवेश वेगळा. शाळेच्या बाई स्वतः दुकानात आल्या. चष्मा लावलेल्या, बारक्या, पण आवाज असा की भिंतीवरच्या दांड्या हलाव्यात. म्हणाल्या, "या मुलीला पुढे शिकवलं नाहीत तर मी रोज इथे येऊन बसेन."

दादा म्हणाले, "बसा. पण फीचे पैसे कशात जाणार ते सांगा."

"विद्येत."

"ती ठेवता कुठे?"

"डोक्यात."

"भरते किती?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. अशा वेळी माणसं चष्मा पुसतात, म्हणजे समोरचा दिसत नाही. दादा पुढे म्हणाले, "बाई, पंचवीस वर्षं या रस्त्याला मी एकच गोष्ट सांगतोय, काट्यावर येईल तेवढंच खरं. लोणी आणा, लोखंड आणा, मी तोलून पैसे देतो. तुम्ही म्हणता, विद्या घ्या. घेतो. पण तोलून."

दुकानात तेव्हा शिंपी होता, पानवाला होता, दोन गिऱ्हाइकं होती. सगळे हसले. दादा मात्र हसले नाहीत. त्यांना वाटलं आपण फार मोठं काही बोलून गेलो, आणि चारचौघांत बोलून गेलेला शब्द त्यांना मागे घेता येत नसे. कधीच नाही. एकदा रागाच्या भरात 'आजपासून चहा बंद' म्हणाले, तर अकरा वर्षं चहा प्यायले नाहीत, आणि त्यांना चहा फार आवडायचा.

करार तिथंच ठरला. दर शनिवारी अर्धी शाळा. सकाळी जाताना छटाकला काट्यावर उभी करायची, दुपारी आल्यावर पुन्हा. वाढलेलं वजन म्हणजे त्या दिवशीची विद्या. एक किलो भरली तर पुढच्या महिन्याची फी. किलोच्या खाली आली की शाळा बंद, आणि छटाकनं दुकानात बसून वजनं घासायची.

"शनिवारच का?" फळवाल्यानं मध्येच विचारलं.

"पोतं तपासायचं तर सगळं ओततोस का? एक मूठ काढून बघतोस ना? शनिवार म्हणजे आठवड्याची मूठ."

"आणि पोरगी वाटेत काही खाऊन आली तर?"

"डबा तोलून दिलेला असायचा, तोलून परत घ्यायचे. खाल्लेलं वजा. नळावर पाणी प्यायली तर किती घोट ते मोजून सांगायची, तेही वजा. दादा होते ते, काय समजलास!"

घरी छटाकच्या आईनं कपाळावर हात मारून घेतला. "तुम्हा भावाभावांच्या डोक्यात मेंदूच्या जागी काटा बसवलाय देवानं," म्हणाली. मग रडली. मग पदर कमरेला खोचून माझ्यासमोर उभी राहिली. "मला बाकी काही कळत नाही. माझी पोरगी वजनं घासणार नाही. मी घासली, लग्न होऊन आले त्या दुसऱ्या दिवसापासून घासली. माझे हात बघा. काय करायचं ते करा, पण ती शाळेत गेली पाहिजे."

मी काय करणार? मी साधा माणूस. काटा जे सांगेल ते सांगेल, असं म्हणून झोपलो.

पहिला शनिवार उजाडला. तोलायचं काम माझ्याकडे. मी दांडीवरचं वजन सरकवणार, दादा खुर्चीत बसून बघणार, छटाक फळीवर सरळ उभी. काट्याचा मान राखावा म्हणून मी चपला काढून अनवाणी उभा राहत असे. तशी आमच्या वडिलांची शिस्त होती. माझी जागा खांबाच्या मागे, फळीला अगदी लागून. दादा दुसऱ्या अंगाला, छत्रीवर दोन्ही हात ठेवून, पुढे वाकून. सकाळी छटाक भरली सव्वीस किलो चारशे. लिहून ठेवलं.

दुपारी आली. चेहरा उतरलेला. "काय शिकवलं गं?" मी विचारलं, तर म्हणे, "त्रैराशिक." उभी केली. मी वजन सरकवलं. दांडी वर. आणखी सरकवलं. दांडी वरच. शेवटी स्थिर झाली तेव्हा मी आकडा तीनदा वाचला. सत्तावीस किलो सहाशे! डबा वजा करून एक किलो शंभर ग्रॅम निव्वळ विद्या!

"खोटं वाटतं ना?" मी फळवाल्याला म्हणालो. "मलाही वाटलं. मला वाटलं होतं, फार तर दोनशे-अडीचशे भरेल."

"दोनशे-अडीचशेच का वाटलं होतं?"

"असंच. अंदाज."

दादांनी आकडा ऐकला, हुं म्हणाले आणि फी मोजून दिली.

तेव्हापासून दर शनिवार. लवकरच आम्हाला विषय ओळखू यायला लागले. गणित किलो-सव्वा किलो. भूगोल दीड; समुद्र शिकवला त्या दिवशी दोन. व्याकरण खडीसारखं, थोडंसं पण बोचरं. आणि इतिहास! इतिहासाला तोड नव्हती. एवढे राजे, एवढ्या लढाया, सगळे मेलेले, आणि मेलेल्या माणसाचं ओझं जास्तच असतं. इतिहास असेल त्या शनिवारी साडेतीन किलो ठरलेले. मी तिला सायकलवर मागे बसवून आणायचो, तर चढावर पुढचं चाक जमिनीवरून उचललं जायचं. शिंप्याच्या दुकानासमोर एकदा आम्ही एका चाकावर गेलो. शिंपी साक्षीला आहे. म्हणजे होता.

फक्त कवितेच्या दिवशी घोटाळा झाला. एक किलो चाळीस ग्रॅम! किलोच्या जेमतेम वर. मी तसाच शाळेत गेलो. "बाई, आज काय शिकवलंत? आम्ही पूर्ण पैसे भरतो."

"कविता."

"मग भरली इतकी कमी कशी?"

बाईंनी जरा विचार केला. "चांगली असेल," म्हणाल्या.

"आणि काका," फळवाला डोकं खाजवत म्हणाला, "शनिवारी साडेतीन किलो वाढायची, मग सोमवारी? वर्षभरात पोरगी हत्ती व्हायला पाहिजे होती."

हा माणूस वाटतो तितका भोळा नाही. पण मी काट्याच्या धंद्यात केस पांढरे केलेत. "विद्या रात्री झोपेत मुरते," मी म्हणालो. "मुरली की तिचं वजन राहत नाही. म्हणून तर शिकलेली माणसं हलकी चालतात. न मुरलेली विद्या घेऊन फिरणारे बघ कसे धापा टाकतात."

त्यानं मान डोलावली. त्याला असे दोन-तीन जण माहीत असावेत.

दादा तर हिशेबातच रमले. वहीच्या मागच्या पानावर लिहायचे. फी भागिले वजन. गणित पितळेच्या भावात पडतं. भूगोल शिशाच्या. इतिहास भंगाराच्या, म्हणजे सगळ्यात स्वस्त. "इतिहास वाढवायला सांग बाईंना," मला म्हणायचे. "कविता कमी करा म्हणावं. परवडत नाही." शिंपी विचारायचा, "दादा, विद्या आहे कितीला?" तर दादा गंभीरपणे दर सांगायचे. निम्म्या रस्त्याला पाठ होता तो दर.

अशी चार वर्षं गेली. एकही शनिवार किलोच्या खाली नाही. छटाक वर्गात पहिली यायची, पण दादा प्रगतिपुस्तक बघत नसत. म्हणायचे, "शाळेनं शाळेची स्तुती करायची, त्यात काय? काटा काय म्हणतो ते सांग."

मग आली मोठी परीक्षा. ती पास झाली तर कॉलेज, आणि कॉलेजच्या फीपुढे शाळेची फी म्हणजे सुट्टे पैसे. दादांनी चारचौघांत जाहीर केलं, परीक्षेच्या शेवटच्या दिवशी जे भरेल त्यावर कॉलेज ठरेल. शेवटचा पेपर शनिवारी. इतिहासाचा! आम्ही मनातल्या मनात मांडे खाल्ले. इतिहास म्हणजे साडेतीन किलो हातचे.

त्या दिवशी ऊन असं, की भिंतीवरच्या दांड्या हात लावला तर चटका देत होत्या. परीक्षेची शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला. दादा आत तोंड धूत होते. छटाकच्या आईनं खुर्चीला टेकवलेली छत्री उचलली आणि पोरीच्या हातात दिली. छत्री उघडली तेव्हा तिच्यातून दोन कोळी आणि एक जुनं तिकीट पडलं. छटाक गेली.

दुपारी परत आली ती नाचत. "बाबा, सगळं आलं! सनावळ्यासुद्धा!"

"आधी काट्यावर," मी म्हणालो. शिंपी, पानवाला, समोरचा न्हावी, त्याचं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक, सगळे बघायला जमलेले. छटाक उभी राहिली. मी चपला काढल्या. वजन सरकवलं. आणि दांडी उठेना.

मी वजन मागे आणलं. आणखी मागे. डबा वजा, पाणी वजा. राहिले किती? अडीचशे ग्रॅम.

अडीचशे ग्रॅम, रे! छटाकच्या आईनं दाराची चौकट धरली. छटाकला काही कळेना. ती फळीवरच उभी, हसू अर्धवट राहिलेलं. मला वाटलं आता दादा उठणार आणि वजनं घासायचं फडकं तिच्या हातात देणार. शब्द म्हणजे शब्द.

दादा उठले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, खुर्चीच्या मागे बघितलं. आणि म्हणाले, "माझी छत्री कुठाय?"

आम्हाला वाटलं, धक्क्यानं माणूस भरकटला. मी म्हणालो, "दादा, छत्रीचं नंतर बघू. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे."

"आधी छत्री कुठाय ते सांग!"

छटाकनं जीभ चावली. "मोठे काका, वर्गात राहिली वाटतं. बाकाखाली."

"मग आज तोलणं खरं नाही," दादा म्हणाले. "आणल्यावर पुन्हा तोलू."

"छत्रीचा आणि तोलण्याचा काय संबंध?" न्हाव्याचं गिऱ्हाईक म्हणालं. दादांनी त्याच्या अर्ध्या दाढीकडे असं बघितलं, की तो उरलेली करून घ्यायला निघून गेला.

मला मात्र खरं कारण लख्ख दिसलं. अरे, पोरीनं साडेतीन किलो इतिहास डोक्यात नेला आणि सगळा पेपरात उतरवून आली! डोक्यात उरणार काय? आमचा माल तिकडे राहिला! मी सायकल मारली ती थेट परीक्षेच्या शाळेत. शिपाई गठ्ठा उचलून नेत होता. एका बाजूला वाकलेला. मी विचारलं, "काय रे, जड आहे का?" तर म्हणाला, "वरचा एकच पेपर जड आहे, बाकीचे कोरेच आहेत."

"तो माझ्या मुलीचा," मी म्हणालो. "परत द्या. चार वर्षांची फी आहे त्यात."

मोठे गुरुजी आले, दोन पर्यवेक्षक आले. मी समजावून सांगितलं, की पेपर तुम्ही वाचा, नक्कल करून घ्या, पण वजन आमचं आहे, ते आम्हाला परत करा. त्यांनी मला पाणी दिलं. सावलीत बसवलं. डॉक्टरला बोलवायची भाषा झाली. शेवटी मी म्हणालो, "बरं, निदान आमची छत्री तरी द्या." ती बाकाखाली होती, ती दिली. मी रिकाम्या हातानं परत आलो, म्हणजे छत्री घेऊन.

दादांनी छत्री घेतली. खुर्चीत बसले. छत्री टेकवली, पुढे वाकले. "हां. आता कर उभी."

छटाक उभी राहिली. मी वजन सरकवलं. आणि गड्या, दांडी अशी वर गेली जशी तिला कुणी हाक मारली! साडेतीन किलो. ग्रॅमचाही फरक नाही.

"कसे काय आले?" फळवाल्याचे डोळे मोठे झाले होते.

"आठवलं तिला सगळं. मी येईपर्यंत आईला उत्तरं सांगत बसली होती. सांगता सांगता इतिहास परत भरला."

कॉलेज झालं. त्याच्यावरचंही एक शिक्षण झालं. तिथं तोलणं जमलं नाही, ती दूर राहायला गेली, दादा म्हणाले, "चार वर्षांत माल ओळखीचा झालाय, आता उधारीवर विश्वास." आणि तुझ्या आईला सांग, पैसा कुठे गेला ते दिसलं. छटाक वजनमापांची निरीक्षक झाली. पहिल्याच महिन्यात, हातात पेटी, मागे शिपाई, कुणाच्या दुकानात शिरली असेल? आमच्या! मोठ्या काट्याच्या चारही कोपऱ्यांवर वीस-वीस किलो ठेवून बघितलं. काटा चोख. मग काट्यावरच्या सरकारी शिक्क्याची तारीख बघितली. सहा महिन्यांपूर्वी संपलेली. सगळ्या गावाचे काटे आम्ही वेळेवर शिक्का मारायला नेतो, स्वतःचाच राहून गेला.

"मोठे काका, दंड भरावा लागेल," म्हणाली.

"अगं, मी तुझी फी भरली!"

"म्हणूनच पावती नीट लिहिता येते."

ती पावती बघ, गल्ल्याच्या वर, चौकटीत. शिक्षणावर टाकलेल्या पैशांवर घराला मिळालेला पहिला परतावा म्हणजे आमचाच दंड. येणाऱ्या-जाणाऱ्याला दादा ती दाखवतात. दुसरा परतावा तुझ्या समोर आहे. विजेचे काटे आले तेव्हा या रस्त्यावरचे आमच्यासारखे तीन दुकानदार बसले, उठलेच नाहीत. मला छटाकनं शिकवलं. रोज संध्याकाळी, फळा टांगून, साठाव्या वर्षी. चुकलो तर पुन्हा लिहायला लावायची. तिला या कामाची फी विचारली, तर म्हणाली, बाबा, आधीच भरलीय. आज दहातले नऊ काटे विजेचे येतात, त्यावर दोन घरं चालतात. गाडा किती वर्षं टिकतो तुझा? आठ? दहा? चाकं गेली की गेला.

मी त्याच्या काट्याची तुटलेली तार जोडली आणि वर एक सफरचंद ठेवलं. एकशे ऐंशी ग्रॅम. "घे. आणि उद्या पोरीला घेऊन ये. आईलाही आण. सगळ्यांदेखत तोलू. या काट्याला विद्या कळते. मी बोटसुद्धा लावलं नव्हतं कधी."

"खोटं!"

फळवाल्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. दोघांपैकी कुणीच बोललं नव्हतं.

"साफ खोटं," दादा म्हणाले. हनुवटी छत्रीवर तशीच, डोळे मिटलेलेच. "विद्येला वजनबिजन काही नसतं, लेका. पायाचा अंगठा होता तो तुझा."

"कुणाचा अंगठा, दादा?" मी विचारलं.

"उजवा. चपला काढून मान राखत होता म्हणे! वडिलांनी असली शिस्त कधी लावली नव्हती. पहिल्याच शनिवारी बघितला मी, फळीच्या कडेवर, चोरासारखा."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

दादांनी एक डोळा उघडला. "अंगठ्यानं होतंय काय? अडीचशे ग्रॅम! परीक्षेच्या दिवशी काट्यानं काढून दाखवले ते तुझेच. किलो मी मागितला होता, चारचौघांत, आणि माघार घ्यायची कशी ते मला येत नाही. मग वरचे सव्वातीन किलो दर इतिहासाला कुठून येत होते, ते एवढ्या वर्षांत एकदा तरी स्वतःला विचारलंस का रे, गाढवा?"

आणि त्यांनी छत्रीचं लोखंडी टोक उचललं, काट्याच्या फळीच्या कडेवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी जरा रेलले. वरची दांडी टक्कन उठली.

फळवाला दांडीकडे बघत राहिला, मग छत्रीकडे, मग माझ्या पायांकडे. मी पाय टेबलाखाली घेतले.

"तू रे," दादा त्याला म्हणाले. "तुझी आई काठी टेकते का?"

"टेकते की."

"मग आण तिला उद्या पोरीबरोबर," दादा म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले. "आणि तिला खुर्ची दे, काट्याला अगदी खेटून."